पहिल्या बोन्सायचं पहिलं वर्ष: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

रविवारी सकाळी नर्सरीतून रोप आणायचं, दुपारी पिशवी फाडून मुळं कापायची, फांद्या छाटायच्या आणि संध्याकाळपर्यंत उथळ ट्रेमध्ये लावून, वळण द्यायला फांद्यांना तारही गुंडाळायची. नव्याने बोन्साय करणारे बरेच जण असं एकाच दिवसात सगळं उरकतात. मग महिन्याभरात पानं गळतात, खोड सुरकुततं आणि ‘बोन्साय आपल्याला जमत नाही’ असा निष्कर्ष निघतो. माझं पहिलं वडाचं रोप असंच गेलं. भर मे महिन्यात एका दिवसात मुळं, फांद्या, तार, तिन्ही केलं होतं. तिसऱ्या आठवड्यात नखाने साल खरवडून पाहिली, तर आत तपकिरी कोरडं लाकूड होतं.

झाड पाणी मुळांनी घेतं आणि अन्न पानांत तयार करतं. मुळं कापली की पानांनी सावरायचं असतं, फांद्या कापल्या की मुळांनी आणि साठवलेल्या अन्नाने. दोन्ही एकाच दिवशी कापलं तर सावरायला कोणीच उरत नाही. म्हणून या लेखात क्रमाला सर्वांत जास्त महत्त्व दिलं आहे. एका हंगामात एकच मोठं काम, एवढं पाळलंत तर बाकी चुका झाड सहन करतं.

महाराष्ट्राच्या हवेत सर्वांत सोसणारं झाड म्हणजे फायकस, म्हणून तेच धरून लिहितो आहे. वड, उंबर, पिंपरी ही त्याचीच भावंडं आहेत, त्यांनाही हाच क्रम चालतो. पिंपळ मात्र पहिल्यांदाच घेऊ नका. त्याचं पान मोठं, देठ लांब, आणि ते लहान करायला काही वर्षांचा हात लागतो. ज्युनिपर नर्सरीत देखणा दिसतो, पण त्याला थंडीची विश्रांती लागते. मुंबई-कोकणाच्या दमटपणात तो हळूहळू मरतो, आणि मेल्यानंतरही कित्येक आठवडे हिरवा दिसत राहतो.

वर्षाची आखणी

जानेवारी-फेब्रुवारीत रोप आणा आणि नुसतं रुळू द्या. चैत्रपालवीच्या सुमारास, मार्चमध्ये, फांद्यांची छाटणी. एप्रिल-मेमध्ये फक्त पाणी, सावली आणि फुटवे जोमात असतील तर खत. जूनमध्ये पाऊस स्थिरावला की मुळं छाटून ट्रेमध्ये. तार ऑक्टोबरनंतर. रोप पावसाळ्यात आणलं असेल तर त्या वर्षी कुंडीतच राहू द्या आणि पुढच्या मार्चपासून सुरुवात करा.

१. रोप निवडणं

नर्सरीत गेल्यावर बहुतेकांची नजर आधी पानांवर जाते. तुम्ही खाली बसून बुंध्याकडे बघा. पिशवीतली वरची माती बोटाने दोन-तीन सेंटिमीटर बाजूला सारा. बुंधा मातीत शिरताना रुंद होत असेल आणि मुळं चहूबाजूंना पसरत असतील, तर ते रोप घ्या. एकाच बाजूला एक जाड मूळ असेल किंवा मूळ बुंध्याभोवती गुंडाळलेलं असेल, तर कितीही स्वस्त मिळालं तरी सोडून द्या. फांद्या वर्षभरात बदलता येतात, बुंधा आणि मुळांची बैठक सुधारायला अनेक वर्षं जातात.

बुंधा किमान अंगठ्याएवढा जाड हवा. पेन्सिलीएवढं रोप ट्रेमध्ये लावलं तर ते तसंच बारीक राहतं, कारण उथळ ट्रेमध्ये बुंधा जाड होणं जवळपास थांबतं. असं रोप आवडलंच असेल तर ते १०-१२ इंची कुंडीत दोन-तीन वर्षं मोकळं वाढू द्या. खालची एखादी फांदी मुद्दाम न छाटता लांब सोडली की तिच्या खालचा बुंधा लवकर भरतो. काम झाल्यावर ती फांदी काढून टाकायची.

तयार बोन्साय म्हणून विकायला असलेली, वर गोटे चिकटवलेली झाडंही दिसतात. घेतलीत तर घरी आल्यावर ते गोटे आणि त्याखालचा डिंक आधी काढा. त्या थरावरून पाणी वाहून जातं आणि मुळं आत कोरडी राहतात.

फुकट आणि फार चांगलं रोप हवं असेल तर पावसाळ्यात आपल्याच इमारतीच्या भिंतीकडे आणि ड्रेनेज पाइपांच्या सांध्यांकडे बघा. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांची वड-उंबराची रोपं तिथे उगवतात, आणि सोसायटी ती कधी ना कधी उपटून फेकतेच. फटीत वाढल्यामुळे त्यांची मुळं खोल न जाता पसरट झालेली असतात. सोसायटीला विचारा, भर पावसात काढा, मुळं ओल्या फडक्यात गुंडाळून आणा आणि आधी साध्या कुंडीत वर्षभर जगवा.

२. रुळू देणं (किमान चार आठवडे)

नर्सरीत रोप हिरव्या नेटखाली होतं, तुमच्या बाल्कनीत ऊन-वारा वेगळा आहे. पहिल्या पंधरवड्यात थोडी पानं पिवळी पडून गळतील. घाबरून जागा बदलू नका, जास्त पाणी घालू नका, खत तर अजिबात नको. जागा सतत बदलणं हेच फायकसच्या पानगळीचं नेहमीचं कारण असतं.

जागा निवडताना सकाळचं चार तास ऊन मिळेल अशी बघा. पूर्वेची बाल्कनी उत्तम. टीव्हीच्या कपाटावर किंवा एसीच्या हवेत झाड ठेवायचं नाही. पाहुणे येणार असतील तर दोन दिवस घरात आणा, नंतर पुन्हा बाहेर. बोन्साय ही घरातली शोभेची वस्तू आहे या समजुतीने सर्वांत जास्त झाडं मेली असतील.

*तपासा:* नवी पानं फुटली का? शेंड्याला टोकदार हिरवी कळी उघडताना दिसली की झाड रुळलं. ती दिसेपर्यंत पुढच्या टप्प्याला हात लावू नका, मार्च उलटला तरी.

३. फांद्यांची छाटणी (मार्च)

हत्यारं दोनच: धारदार सिकेटर (फांद्या कापायची मजबूत कात्री) आणि लहान कात्री. दोन्ही आधी स्पिरिटने पुसा. जवळ ओलं फडकं ठेवा, कारण फायकस कापला की पांढरा चीक वाहतो. तो कपड्यावर लागला तर डाग जात नाही, आणि काहींच्या कातडीला खाज सुटते. हात डोळ्यांना लावू नका.

कापण्याआधी झाड डोळ्यांच्या पातळीवर ठेवून चारही बाजूंनी बघा. मुळं सर्वांत छान दिसतात आणि बुंध्याचा बाक नीट कळतो, ती पुढची बाजू. तिथे कुंडीवर खडूने खूण करा. ही पाच मिनिटं द्याच, नाहीतर नेमकी पुढची फांदी कापून बसाल.

मग या क्रमाने:

पहिल्यांदा वाळलेल्या आणि मोडक्या फांद्या. त्यानंतर एकाच जागेतून तीन-चार फांद्या फुटल्या असतील तिथे दोनच ठेवा, नाहीतर त्या जागी बुंध्याला गाठ येते. मग बुंध्याच्या बाकाच्या आतल्या बाजूने निघालेल्या फांद्या काढा. बाकाच्या बाहेरच्या बाजूच्या ठेवा, झाडाचं वळण त्यांनीच उठून दिसतं. खालची पहिली फांदी साधारण एकूण उंचीच्या एक तृतीयांशावर आली तर चांगलं, पण मिलिमीटर मोजत बसू नका. शेवटी शेंडा: जिथे उंची थांबवायची, तिथे एखाद्या पानाच्या जरा वर कापा. त्या पानाच्या बगलेतला डोळा ज्या दिशेला असेल, नवा फुटवा त्या दिशेला जाईल.

चीक आला की ओल्या फडक्याने दाबून धरा, पाण्याचा फवारा मारा. लहान जखम चिकानेच बंद होते. बोटापेक्षा जाड फांदी कापली असेल तर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा, फळबागवाल्यांना मिळते तीच.

*सावधान:* एकूण पानांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त काढू नका. अजून दोन फांद्या नकोशा वाटल्या तरी सहा महिने थांबा. कापलेली फांदी परत जोडता येत नाही.

४. उन्हाळा: हात आवरायचा काळ

एप्रिल-मेमध्ये छाटणी नाही, मुळं नाहीत, तार नाही. गच्चीवर असाल तर दुपारी ५० टक्के ऊन अडवणारं हिरवं नेट लावा, आणि कुंडी तापलेल्या फरशीवर न ठेवता दोन विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवा. विदर्भ-मराठवाड्यात तर दुपारचं थेट ऊन नकोच. फुटवे जोमात असतील तर याच काळात महिन्यातून दोनदा खत. शेंगदाण्याची पेंड मूठभर घेऊन चार-पाच दिवस पाण्यात भिजवा, गाळा, आणि फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून घाला. सुकी पेंड मातीवर पसरली तर मुंग्या येतात, पावसात तिला अळ्या पडतात. कोरड्या मातीत खत कधीच नको, आधी साधं पाणी.

५. मिश्रण तयार करणं (मे अखेर)

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्या दिसतात तीन महिन्यांनी. बागेची लाल माती, त्यात शेणखत आणि भरपूर कोकोपीट असं मिश्रण कुंडीतल्या गुलाबाला चालतं, उथळ ट्रेला चालत नाही. का ते बघायचं असेल तर भांडी घासायचा नवा स्पंज घ्या. पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा धरा. थेंब पडायचे थांबले की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. पाणी सारखंच, स्पंज तोच, फक्त उंची वाढली. ट्रे म्हणजे आडवा स्पंज. तळाशी पाणी साचून राहतं, आणि मुळंही तिथेच असतात. मिश्रण भरड आणि धुळीशिवाय असलं तरच तिथे हवा राहते.

माझं मिश्रण असं: तीन भाग विटांचा चुरा, एक भाग बारीक खडी, एक भाग चाळलेलं गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत. कोकण आणि मुंबईत, जिथे झाड उघड्या पावसात राहणार, तिथे खताचा भाग अर्धा करा. सोलापूर-नागपूरकडे अर्धा भाग धुतलेलं कोकोपीट घालायला हरकत नाही.

वीट पक्की भाजलेली हवी, टिचकी मारली की खणखणली पाहिजे. तुकडा रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी बोटांनी चुरडला तर ती वीट नको, एका पावसाळ्यात चिखल होईल. सिमेंटचे ठोकळेही चालणार नाहीत, त्यांत चुना असतो. वीट ओली करून, पोत्यात घालून हातोड्याने फोडा, म्हणजे धूळ नाकात जात नाही. मग वाळवून दोनदा चाळा. तुरीच्या दाण्यापेक्षा मोठं ते वरच्या जाळीत राहिलं पाहिजे, मोहरीपेक्षा बारीक ते खाली पडलं पाहिजे. मधलं तेवढं घ्यायचं. खाली पडलेली पूड टाकायची, वाया जाते म्हणून मिसळायची नाही. तीच पूड ट्रेची भोकं बुजवते.

*तपासा:* मूठभर मिश्रण चाळणीत घेऊन वर पेलाभर पाणी ओता. पाणी लगेच खाली गेलं पाहिजे. वर क्षणभरही तळं साचलं तर पुन्हा चाळा.

६. ट्रेमध्ये लावणं (जून, पाऊस स्थिरावल्यावर)

पहिली सर पडली की लगेच नको. आठ-दहा दिवस हवा दमट आणि ढगाळ राहिली की मग. ट्रेची खोली साधारण बुंध्याच्या तळाच्या जाडीएवढी आणि लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांशाएवढी असते, पण पहिल्या खेपेला थोडा खोल ट्रे घ्या. तळाला किमान दोन मोठी भोकं हवीत.

पूर्वतयारी. दोन दिवस आधीपासून पाणी कमी करा, म्हणजे माती मोकळी सुटते. भोकांवर प्लास्टिकची जाळी तारेने पक्की करा. झाड बांधायला एक लांब तार दोन्ही भोकांतून वर काढून ठेवा. मिश्रण, फवारा, बांबूची काडी, ओलं फडकं, पाण्याची बादली सगळं हाताशी हवं. उघडी तंतुमुळं वाऱ्यात काही मिनिटांत सुकतात. जाळी शोधायला आत गेलात आणि तेवढ्यात फोन आला, की तेवढंही पुरतं.

आता काम:

१. सावलीत बसा. पिशवी कापून मुळांचा गोळा बाहेर काढा. बांबूच्या काडीने बाहेरून आत नव्हे, तर बुंध्यापासून बाहेरच्या दिशेने, केस विंचरल्यासारखी माती सोडवा. दर दोन मिनिटांनी फवारा.

२. मधला एक तृतीयांश गोळा तसाच ठेवा. सगळी माती धुऊन काढायचा मोह आवरा. उरलेली जुनी माती पुढच्या खेपेला निघेल.

३. सरळ खाली गेलेलं सोटमूळ आणि जाड मुळं सिकेटरने आखूड करा. बारीक तंतुमुळं शक्य तितकी राखा, पाणी तीच घेतात. एकूण मुळांपैकी एक तृतीयांश कापली की थांबा.

४. ट्रेमध्ये मिश्रणाचा छोटा ढीग करून झाड त्यावर हलकं फिरवत बसवा, म्हणजे खाली पोकळी राहत नाही. झाड बरोबर मध्यभागी नको, थोडं एका बाजूला आणि किंचित मागे.

५. तार मुळांच्या गोळ्यावरून घेऊन पकडीने पिळा. सालीवर रुतते तिथे रबराचा तुकडा घाला.

६. मिश्रण भरत काडीने खालपर्यंत टोचत जा. काडी सहज आत जायची थांबली की तिथली पोकळी भरली.

७. झारीने पाणी घाला. आधी गढूळ पाणी येईल. खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत घालत राहा.

*तपासा:* बुंधा दोन बोटांत धरून हलवा. झाड ट्रेसकट हललं पाहिजे. बुंधा एकटा डुलला तर तार पुन्हा आवळा. डुलणाऱ्या झाडाची नवी पांढरी मुळं रोज तुटतात, आणि वरून काहीच कळत नाही.

तीन आठवडे उजेड असलेल्या सावलीत, मुसळधार पावसापासून आडोशाला ठेवा. सहा आठवडे खत नाही. या काळात फांदीला हात लावायचा नाही. मार्चमध्ये फुटलेले लांब फुटवे कितीही अस्ताव्यस्त दिसले तरी, त्यांचीच पानं नवी मुळं वाढवत असतात.

७. पाणी

‘दिवसातून किती वेळा?’ हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याला आकड्यात उत्तर नाही. जळून गेलेली अगरबत्तीची काडी धुऊन ट्रेच्या कडेला दोन सेंटिमीटर खोचून ठेवा. रोज सकाळी काढून गालाला लावा. गार, ओलसर लागली तर आज पाणी नको. कोरडी होऊ लागली तर घाला. पुण्याच्या डिसेंबरात एक दिवसाआड पुरेल, मेमध्ये त्याच ट्रेला सकाळ-संध्याकाळ लागेल.

घालायचं तेव्हा पूर्ण घाला. खालून वाहिलं की पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा एकदा घाला. रोज पेलाभर शिंपडलं तर वरची माती ओली दिसते आणि खालची मुळं तहानलेली राहतात. ट्रे अगदी कोरडा पडला असेल तर पाण्याच्या टबमध्ये काठापर्यंत बुडवा, बुडबुडे थांबले की काढा. ट्रेखालच्या बशीत पाणी साठू देऊ नका.

सलग पावसात ट्रेच्या एका बाजूखाली लाकडाची चीप सरकवून तो तिरका ठेवा. स्पंजाचाच नियम: एक बाजू उंच झाली की साचलेलं पाणी निघून जातं. माझी कितीतरी झाडं या एका चीपेवर आषाढ काढतात.

बोअरचं पाणी असेल तर मातीवर आणि बुंध्यावर पांढरा थर येतो. जुन्या दातांच्या ब्रशने तो काढा, आणि पावसाचं पाणी मिळेल तेव्हा ट्रे त्याने भरपूर धुऊन काढा.

८. तार (ऑक्टोबरनंतर)

पावसाळ्यात फायकस इतक्या वेगाने जाड होतो की तार महिन्याभरात सालीत रुतते आणि वळ वर्षानुवर्षं जात नाही. म्हणून वाढ मंदावल्यावर तार बांधा. ॲल्युमिनियमची तार नवशिक्याला सोपी, तांब्याची वाकवली की कडक होते. जाडी फांदीच्या एक तृतीयांश. तारेचं टोक फांदीवर दाबून बघा: तार वाकली तर ती बारीक आहे, फांदी वाकली तर पुरेशी आहे.

एकाच तारेने जवळच्या दोन फांद्या बांधा. मधला भाग बुंध्याला एक वेढा घालून येऊ दे, म्हणजे तार घसरत नाही. वेढे साधारण ४५ अंशांत, सालीला टेकलेले पण आवळलेले नकोत. पान वेढ्याखाली सापडू देऊ नका. वाकवताना दोन्ही अंगठे बाकाच्या आत, बोटं बाहेरून आधाराला. कट्ट असा आवाज आला की तिथेच थांबा. हवं तेवढं वळण एका बैठकीत आलंच पाहिजे असं नाही, पंधरा दिवसांनी आणखी थोडं.

*सावधान:* दर रविवारी तार बघा. साल दोन्ही बाजूंनी फुगायला लागली की लगेच काढा. काढताना उलगडू नका, प्रत्येक वेढा पकडीने कापून तुकडे काढा. उलगडताना फांदी मोडते. चार रुपयांची तार वाचवण्यात अर्थ नाही.

९. रोजची निगा

फुटव्याला सहा-आठ पानं येऊ द्या, मग दोन-तीन ठेवून कापा. शेंडा जोरात वाढतो, खालच्या फांद्या हळू, म्हणून वर जास्त कापा आणि खाली कमी. ट्रे दर पंधरा दिवसांनी पाव वळसा फिरवा. पानाच्या बगलेत कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. दोन-चार असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपा. जास्त असतील तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा द्रव साबण मिसळून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. मुळं पुन्हा छाटायची वेळ साधारण दोन वर्षांनी येते. पाणी वर साचून हळू मुरायला लागलं की समजा.

पानं गळाली तर

ट्रे उपसून मुळं बघायला जाऊ नका. आधी पाणी तपासायची अगरबत्तीची काडी बघा. कोरडी असेल तर टबात बुडवा. सतत ओली असेल तर ट्रे तिरका करा, आडोशाला न्या, आणि काडी कोरडी होईपर्यंत पाणी बंद. मग बारीक फांदीची साल नखाने किंचित खरवडा. खाली हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी असेल तर थोडं खाली, बुंध्याकडे खरवडत या. जिथे हिरवं लागेल तिथपर्यंत झाड आहे, त्याच्या वरचं वाळलेलं कापा. खत घालू नका, दुसऱ्या कुंडीत हलवू नका. फायकस बुंध्यावरून पुन्हा फुटतो, पण त्याला सहा-आठ आठवडे लागू शकतात, आणि तेवढे दिवस पानाविना उभ्या झाडाला फार थोडं पाणी पुरतं.